एकतीस ताटं

अण्णा,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. आज हे लिहायला बसलो, कारण माझ्या हातून एक काम झालंय आणि त्यातलं खरं कळेल असं घरात कोणी नाही. बायकोला सगळं रंगवून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तू ताटं मोजलीस?" लेकीने तर "सो?" एवढंच विचारलं आणि पुस्तकात डोकं घातलं.

तुम्ही नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर. गावात तुम्हाला मागून 'गटारसाहेब' म्हणायचे आणि माझे कान तापायचे. एका रविवारी तुम्ही मला बंदरावरच्या खलाशांच्या खोल्या बघायला घेऊन गेलात. मालक दारात हात जोडून उभा. मी आतली माणसं मोजली आणि ऐटीत ओरडलो, "सहा!" तुम्ही सगळ्यांदेखत मला झापलंत. "दाखवलेली माणसं मोजायचा पगार मिळत नाही मला. मोरीत जा, ताटं मोज." मोरीत ताटं निघाली चौदा. बाकीच्या आठ जणांना मालकाने मागच्या दाराने माडांत पिटाळलं होतं, ताटं लपवायचं मात्र त्याला सुचलं नव्हतं. पावसाळ्याआधी तुम्ही त्याला आणखी एक खोली आणि दोन संडास बांधायला लावलेत. मला मात्र तेव्हा फक्त खाल्लेल्या बोलण्यांचा राग आला होता.

आता मी सौदीत, रास तनुराच्या बाहेर, तिथल्या रिफायनरीच्या एका ठेकेदाराकडे सेफ्टी ऑफिसर आहे. कामगारांच्या कॅम्पची पाहणी करायची आणि रिपोर्ट रिफायनरीकडे पाठवायचा. गंमत अशी की कॅम्प ठेकेदाराचा, माझा कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदारही तोच आणि माझा इकामा, इथे राहायचा परवानाही त्याच्याच हातात. वेल्डरांच्या बराकीत सोळा खाटा, कागदावर सोळा माणसं. पण कुजबुज होती की एका खाटेवर दोघं झोपतात, पाळीपाळीने. एक कामावर गेला की दुसरा त्याच्याच घामाच्या चादरीवर आडवा होतो. पाहणीच्या सकाळी निम्म्यांना बसमध्ये घालून बाहेर पाठवलेलं. फोटो काढावा तर कॅमेऱ्याचा फोन गेटवरच ठेवून घेतात. कॅम्पबॉस हैदराबादचा, तोंडात साखर. "देखो साहब, सोला के सोला। खलास! यल्ला, चाय पीते हैं।"

मी त्याच्यामागे दोन पावलं गेलोसुद्धा. आणि कसं कोण जाणे, स्वयंपाकघराकडे वळलो. फळीवर धुतलेली ताटं पालथी घातली आहेत. मी मोजतो. पुन्हा मोजतो. एकतीस.

"वो तो मेहमानों की हैं, साहब."

एक ताट उचलून उजेडात धरलं. काठावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं, आपल्याकडे आहेराच्या भांड्यांवर कोरतात तसं. दुसऱ्यावर दुसरं नाव, तिसऱ्यावर तिसरं. घरून निघताना प्रत्येकाने आपापलं ताट बॅगेत घालून आणलेलं. मी विचारलं, "मेहमान नाम खुदवाके थाली यहीं छोड़ जाते हैं क्या?" त्याचा चेहरा असा काही पडला की, अण्णा, तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असतात.

रिपोर्टात एकतीस लिहिले. ठेकेदाराच्या मॅनेजरने बोलावून घेतलं. "सोळा कर, नाहीतर पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का मारून घरचं तिकीट हातात देतो." लेकीचं दहावीचं वर्ष, मधेच कुठे नेणार तिला? तरी म्हटलं, "सर, ताटं तिथंच आहेत. तुम्ही मोजा. सोळा भरली तर सोळा लिहितो." तो जागचा हलला नाही. मी रिपोर्ट तसाच पाठवला. दुसऱ्याच दिवशी रिफायनरीचा सौदी इंजिनियर आला आणि थेट स्वयंपाकघरात शिरला. कॅम्पबॉस ताटं हलवणार तरी कुठे? माणसं जेवणार कशात? इंजिनियर अरबीत एकतीसपर्यंत मोजून बाहेर आला, आणि त्यानंतर मला तिकीट द्यायची भाषा कोणी केली नाही. महिन्याभरात दोन नव्या पोर्टाकॅबिन, चार संडास आणि माणशी एक खाट. जिंकलो, अण्णा! परत येताना गाडीत एकटाच मोठमोठ्याने गात होतो.

खाटा आल्या त्या दुपारी मी मुद्दाम बघायला गेलो. रायगडकडचा एक वेल्डर आपली चादर पसरत होता. चारही कोपरे त्याने गादीखाली खोचले, बसला, उठला, सुरकुती काढून पुन्हा बसला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, मागं पन तुम्हीच आलेलात ना? हाफिसातनंच गेलात तवा." बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. मी घड्याळाकडे बघितलं आणि काम आहे म्हणून निघालो.

त्याचं बरोबर होतं. याआधी वर्षभरात दोनदा मी त्या कॅम्पवर गेलो होतो. दोन्ही वेळा एसीत बसून चहा घेतला, कागदावरचे सोळा बघितले आणि सही केली. ताटं तेव्हाही फळीवरच असणार. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, आणि तुम्ही असतात तर एवढा भाग गाळून बाकीचं पत्र टपालात टाकलं असतं.