बिबट्याचं अंथरूण

मुक्काम मुळशी,
मार्गशीर्ष, शके १८४३

तीर्थरूप मामांस भाचा हैबतराव याचा (झाडावरून सुखरूप उतरून) दंडवत. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावं. इकडे मी खुशाल आहे, सदरा मात्र गेला.

पुण्याच्या शाळेत मास्तराची जागा हवी तर एखाद्या साहेबाचा दाखला आण, असं तुम्ही म्हणाला होतात. देवानं साहेब धाडला. त्याला बिबट्याचं ‘लेअर’ बघायचं होतं, मारायला नव्हे, चित्र काढायला. मी दुभाषा. लेअर म्हणजे गुहा, हे मी कोश न उघडताच सांगून टाकलं (कोश तुम्हीच दिलेला, पिशवीत होता, पण शहाण्या माणसाला तो उघडायची लाज वाटते). दोन दिवस मी साहेबाला डोंगरातल्या यच्चयावत गुहांतून रांगवलं. वटवाघळं भेटली. एक बैरागी भेटला, त्यानं आम्हाला हाकललं.

तिसऱ्या दिवशी बयाबाई धनगरीण मेंढरं घेऊन वाटेत भेटली. आमचे गुडघे बघून आणि बिबट्याची गुहा शोधतोय हे ऐकून म्हणाली, "मास्तर, त्यो काय बैरागी हाय व्हय, गुहा धरून बसाया? निजंल तितं त्याचं घर." मामा, काय बाई आहे ही! हिची मेंढरं खतासाठी लोकांच्या शेतात बसवतात. सकाळी कळप उठला की नुसती दबलेली जागा बघून ही सांगते, कुठली मेंढी आजारी आहे, कुठली गाभण. तीच नजर तिनं कारवीच्या झुडपांत फिरवली. एके ठिकाणी गवत चेपलं होतं. तिनं त्यावर तळवा टेकला. "ऊन हाय. आत्ताच उठलाय." पुढं मी झाडावर कसा पोचलो, ते मला खरंच आठवत नाही.

साहेबानं खाली बसून माझ्या पडलेल्या पिशवीतला कोश उघडला आणि वर मला वाचून दाखवला. लेअर म्हणजे मुळात निजणं. आधी माणसाचं अंथरूण, मग आजारपण, मग थडगं. जनावरांच्या वाट्याला तो शब्द सर्वांत शेवटी आला. बयाबाईनं एका तळव्यात सांगितलं, त्याला कोशाला अर्धं पान लागलं. साहेबानं टोपी काढली आणि तिला विचारलं, किती वर्षं इथं? "लगीन होऊन आले, तीस पावसाळं झालं." मग त्यानं दाखला लिहिला, तो तिच्या नावे: या खोऱ्यात तीस वर्षं हिचं निजणं-उठणं आहे, आणि या शब्दाचा अर्थ इथल्या मास्तरापेक्षा हिला अधिक कळतो. मी फांदीवरूनच तिला त्याचं मराठी करून ऐकवलं. शेवटचं वाक्य गाळायचा फार मोह झाला, पण गाळलं नाही.

आपला,
हैबतराव

ता. क. माझ्या जागेचं राहू द्या. दाखला सोबत आहे. धरणाचं पाणी येणार म्हणून कचेरीत भरपाईसाठी घरं-जमिनी मांडणं चाललं आहे, आणि बयाबाई इथं राहते असं सांगणारा एकही कागद आजवर नव्हता. हा पहिला. तुमच्या स्नेही मामलेदारांपुढे तो ठेवा.

पुनश्च: मास्तराबद्दलचं वाक्य त्यांना मुद्दाम वाचून दाखवा. ते खरं असल्याची साक्ष द्यायला मी स्वतः येतो. ते त्यांना पटलं, की तीस वर्षांचंही पटेल.