वच्छीचं पाऊल

नांदुरा, ता. १० डिसेंबर १९३४

तीर्थरूप बाबांचे चरणी कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

डोणगावच्या सुताराकडून वच्छीसाठी करवून पाठवलेला पांगुळगाडा पोचला. पण बाबा, गाडा चालतो, तुमची नात नाही! सासूबाईंनी त्यात गोधडी घालून तिला बसवलं, मामंजींनी दोरी बांधली, आणि दोघं तिला दिवसभर अंगणात ओढतात. दीड वर्षाची झाली तरी पाऊल भुईला लागू देत नाहीत. नवसाची पोरगी मातीत काऊन ठेवतं वं, असं मलाच दटावतात. आणि पोर चालत नाही म्हणून, संक्रांत झाली की गुडघ्यांना बिब्ब्याचा डाग द्यायला बाई बोलावणार आहेत. मला फार भीती वाटते. काय करू ते लवकर कळवा.

तुमची कोकिळा

डोणगाव, ता. १७ डिसेंबर

चि. सौ. कोकिळेस शालिग्रामचे अनेक आशीर्वाद.

पालखी मिळाल्यावर पायी कोण चालेल, म्हणून आधी मी हसलो. डागाचं वाचून हसू गेलं. तरी विहीणबाईंशी भांडू नकोस, त्यांची माया खोटी नाही. त्या तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या की टोपली बाजेवर ठेव आणि वच्छीला बाजेला धरून उभी कर. शेंगा सोलता सोलता बोटांना वळण लागेल, पायांत बळ येईल. गाड्यातली गोधडी काढ, आणि तो पळू नये म्हणून दगड बांध. पडली तर पडू दे. तूही पुष्कळ पडलीस, नाक अजून जागेवर आहे.

तुझी आई काळजी करते. खुशाली कळवत जा.

नांदुरा, ता. १६ जानेवारी १९३५

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

सासूबाई आधी रुसल्या. मग त्याच वच्छीला हाक मारू लागल्या, की ये माय, मले सोलू लाग. परवा शेजारच्या जमीलाचाचींची बकरी शेंगांवर आली. सासूबाई हाकलायला उठल्या, आणि वच्छी बाज सोडून डुलत डुलत मागे गेली, तिनं त्यांचं लुगडं धरलं. ती पडेल म्हणून सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. बकरी खुशाल खात होती, आणि त्या मला हळूच सांगत होत्या, की पाह्य वं, पोरगी चालून राह्यली!

काल डाग देणारी बाई दारात आली. सासूबाईंनी वच्छीला झटकन कडेवर घेतलं, बाईला तिळगूळ दिला, आणि माही नात चालते, आता डाग नाही लागत, असं सांगून वाटेला लावलं. बाई दिसेनाशी झाली तशी त्यांनी पोरीचा मुका घेतला आणि आपल्याच हातानं तिला भुईवर ठेवलं.

आईस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

आपली कोकिळा