टाकाची खूण

दिग्रस,
शनिवार, ता. २० एप्रिल १९६३

चिरंजीव डोमाजीस भागीरथाचे आशीर्वाद.

आम्ही सारे बरे आहोत. जिनातला कापूस संपला तसा ह्यांचा खोकला कमी झाला. आता उन्हाची तक्रार सुरू आहे. तक्रारीवाचून त्यांना भाकर गोड लागत नाही. शेवंता मजेत आहे. तुझी लेक कामाला चलाख, पण वरणात मीठ घालायचं विसरते आणि विचारलं की हसते. लग्नासाठी तिला दोन लुगडी घेतली, बांगड्या राहिल्या आहेत.

तिच्यासोबत पाठवलेली बोरमाळ मिळाली. नवरदेवाच्या, विठ्ठलरावांच्या आजीच्या वेळची, शंभर वर्षांची आहे, दोरा तेवढा बदलून दे, असा तुझा निरोप होता. सोनारकाकांच्या दुकानासाठी मी माळा गाठते त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि सासरचं सोनं नव्या दोऱ्यात ओवूनच नव्या नवरीच्या गळ्यात जातं, तेव्हा काम नेहमीचंच होतं. मी पाट मांडला, पांढरं फडकं अंथरलं आणि शेवंताला म्हटलं, तुझी आजेसासू मोठी हौशी दिसते गं. मग दोरा कापला आणि माझी थट्टा तिथंच राहिली.

जुनी बोरमाळ अशी नसते, डोमा. जुने मणी हातानं ठोकलेले असतात, एक जरा चपटा तर एक जरा फुगीर. आत भरलेली लाख वाळून भुगा होते, मणी कानाशी हलवला की खुळखुळतो. मण्याला मणी घासून भोकांच्या कडा झिजतात. ह्या माळेचे मणी सगळे सारखे, साच्यातले. एकही वाजत नाही. कडा नखाला लागतात. मी माळ घेऊन सोनारकाकांकडे गेले. चोख सोन्याचा दागिना घडवायला बंदी करणारा नवा कायदा आल्यापासून त्यांच्या भट्टीत मांजर निजतं, त्यामुळे त्यांना फुरसत भरपूर. त्यांनी कसोटीवर ओढून पाहिलं, भिंगातून पाहिलं.

"सोनं चोख हाये, म्हंजे कायद्याच्या आंधीचं," ते म्हणाले. "पण हा साचा आपल्याकडं इंग्रज गेल्यावर आला. दहा वर्साच्या वर नाई जात ही माळ. आजी कायची?"

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. लग्न जमवताना सोनं जुनं सांगणं आणि नवरदेव तरणा सांगणं, दोन्ही चालतं.

पण मधल्या दोन मण्यांवर घासा आहे. बाकी सगळ्या कडा कोऱ्या, आणि ह्या दोघांचीच समोरासमोरची बाजू झिजून पत्रा पातळ झाला आहे. तिथं कडी अडकवलेलं, चालता बोलता हलणारं काहीतरी होतं. तसा घासा मी पुष्कळ माळांवर पाहिला आहे. तो टाकाचा असतो.

बिजवराला दिलेल्या पोरीच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक घालतात, हे तुला मी सांगायला नको. पत्र्यावर उठवलेली ती एवढीशी बाई दुसरीनं जन्मभर छातीवर वागवायची. विठ्ठलरावांची पहिली बायको सहा वर्षांमागं तापानं गेली, हे त्यांनी लपवलं नाही. तिचा टाक शेवंताला घालायचा हेही ठरलं. मग शेवंताच्या आधी तो ह्या माळेत कोणी घातला? पहिली काही स्वतःचा टाक घालणार नाही. सासूनं घातला म्हणावं, तर सासू इंग्रजांच्या राज्यातच विधवा झाली, तेव्हा ही माळ घडलीही नव्हती. म्हणजे मध्ये आणखी एक बायको होती. सोनं झिजेपर्यंत तिनं तो टाक वागवला. मग ती आता कुठं आहे?

आणि तो दोरा. झिजलेला दोरा आधी बारीक होतो, मग तुटतो. हा मानेमागं तुटला आहे, जाडच्या जाड, हिसका बसल्यासारखा. नंतर कोणीतरी त्याला घाईनं गाठ मारली आहे.

परवा बाजारात बेबीताई भेटली. विठ्ठलरावांच्याच गावची, भाजी विकायला येते. मी सहज म्हणून त्यांच्या मधल्या बायकोचा विषय काढला. तिनं माझ्या पिशवीत वांगी टाकली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले कायले पुसता, बाई? आमच्या गावात त्या विहिरीचं पानी कोनी भरत नाई आता." आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

काल दुपारी विठ्ठलराव स्वतः माळ न्यायला आले. चहा घेतला, ह्यांच्या खोकल्याची चौकशी केली. त्यांचा आवाज इतका हळू आहे की ऐकायला पुढं वाकावं लागतं. माळ हातात येताच त्यांनी आधी ते दोन मणी चाचपले.

"दोरा मजबूत घातला ना, बाई? आमच्या घरी दोरे टिकत नाईत."

मला भीती वाटली, डोमा. आजवर मी कुणा माणसाला अशी भ्याले नव्हते. तरी विचारलं, "मधल्या बाईचा टाक काहून नाई केला?"

ते रागावले नाहीत. उठले, चपला पायात घातल्या आणि म्हणाले, "मले काहून पुसता? तुमच्या भावाले सारं मालूम हाये. तिच्या मातीले आलता तो. शुक्रवारी मांडवात भेटू."

शेवंता आतल्या दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. रडली नाही. भांडी घासायला बसली, आणि अर्धी भांडी झाल्यावर मला म्हणाली, "आत्याबाई, तिचं नाव काय होतं वं?"

हे पत्र ह्यांच्या जिनातला गडी तुझ्या हातातच देईल. विठ्ठलराव खोटं बोलत असतील. मला तसंच मानायचं आहे. आई गेल्यावर मी तुला कडेवर वागवलं, तुझ्याविषयी वाईट मनात आणताना माझाच जीव तुटतो. पण लेक तुझी असली तरी गळा तिचा आहे.

तेव्हा एकच विचारते. तुला ठाऊक होतं का? ठाऊक नसेल तर असशील तसा ये. तुझी पोर तुझ्या हवाली करते, आणि त्यांच्या दारात जाऊन नाही म्हणायला मी तुझ्याबरोबर येते. ठाऊक असेल तर येऊ नको. शेवंता शुक्रवारी ह्या घरातून निघणार नाही, त्यानंतरही तुझ्या शब्दावर निघणार नाही, आणि मला भाऊ होता असं मी इथं कोणाला सांगणार नाही.

सोमवारपर्यंत दार उघडं ठेवते. ये रे, डोमा.

तुझी बहीण,
भागीरथा