जिन्यातला देव

३ जुलै
फोनमध्ये बोललं की तो लिहून ठेवतो म्हणे. नातीनं, अपूर्वानं, लावून दिलाय. मला वाचता येत नाही, त्यामुळे तो काय लिहितो ते त्यालाच ठाऊक. लिही रे बाबा, लबाडी करू नकोस!

५ जुलै
अपूर्वा पवईला मोठ्या कॉलेजात तलावातल्या चिखलावर डॉक्टरकी करते. दहावीला होती तेव्हा विचारावं ते सांगायची – थांब म्हटलं तरी थांबायची नाही. आता काहीही विचारा, "माहीत नाही गो आजी." एवढं शिकून हे!

आज म्हणाली, "जितकं वाचते तितकं वाटतं, मला काहीच येत नाही. सोडते." तिचा बाप, आमचा गुणाजी, खूश. मरोळच्या कारखान्यात तिच्या नोकरीसाठी त्यानं शब्द टाकलाय. महिनाअखेर होकार द्यायचा.

पोर जेवली नाही.

६ जुलै
शिकून येतं की जातं, मीच बघते! अपूर्वाला म्हटलं, "मला अक्षरं शिकव."
"आत्ता?"
"मग काय, मेल्यावर?"

१४ जुलै
ळ म्हणजे समोरच्या वनमालाचा चष्मा. आज भाजीवाल्याच्या पाटीवरचं "मटार" वाचलं. अख्ख्या भांडुपला ऐकू गेलं. झकास!

२६ जुलै
वाट लागली.

आमच्या जिन्याच्या वळणावर भगवी पाटी आहे. इथे राहायला आल्यापासून मी तिला हात जोडते. भगवं आहे, जिन्यात आहे – देवाचंच नाव असणार की! गुरुवारी जास्वंद वाहायचे. शेजारच्या चंपाला तिथे चपला काढायला लावायचे.

आज एकेक अक्षर जुळवलं. ये. थे. थुं. कू. न. ये.

पायरीवरच बसले.

चंपाला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"
"होतं ना आजी. पण तुमची एवढी भक्ती... कसं सांगणार?"
आणि चपला काढायची, चोरटी!

२७ जुलै
घास उतरला नाही. अजून काय काय उलटं धरून बसलेय मी? काही येत नव्हतं तेव्हा सगळं माहीत होतं – कुणाला काढा, कुणाला नवरा, कुणाच्या बाळाला नाव. सगळं मीच सांगायचे. आता चार अक्षरं आली नि तोंड उघडायची भीती वाटते.

पोरीला हेच झालंय! आणि मी तिला चिडवत बसले.

२९ जुलै
गुणाजीशी भांडले. मला म्हणतो,
"काही येत नाही असं तीच म्हणते ना?"
"म्हणते! तुझ्या तोंडून निघालंय कधी?"
"आये, तुला यातलं काय कळतं?"
"काही नाही कळत! म्हणून मी तिला अडवत नाही. तुलाही कळत नाही, तरी तू अडवतोस!"
गेला उठून गॅलरीत. जाऊ दे!

अपूर्वाला पाटीची गोष्ट सांगितली. पोट धरून हसली, मग रडली, मग दोन वेळा भात घेतला.

३१ जुलै
मरोळला तिनं नाही म्हणून कळवलं. गुणाजी घरात कुणाशी बोलत नाही. नको बोलू.

२ ऑगस्ट
गुणाजी सकाळी चहा घेऊन माझ्या खाटेशी आला. कपाकडे बघत म्हणाला, "आये, त्या चिखलात असतं तरी काय?"

दोन अडाणी निघालोय पवईला!