हिमपरीच्या बोर्डावरची महादेवी

नवीन किल्लारी
३ एप्रिल २०००

कोर्टाचा कागद म्हाताऱ्या माणसाला पोस्टानं पाठवायचा आणि पेन्सिलीची फुली मारून 'इथे सही कर' लिहायचं, ही रीत नांदेडच्या कायद्याच्या कॉलेजात शिकवतात का तुझी तूच काढलीस? पोस्टमन भुजंगानं तो साऱ्या गल्लीला वाचून दाखवला. बाया आता समजून राहिल्यात की माझ्यावर मुकद्दमा झाला. दोघींनी तर तेवढ्यासाठी चहा करून आणला.

चि. वर्षाराणीस आज्जी शिवगंगाचे आशीर्वाद. गुडघा सोडून सगळं ठीक हाय.

कागदात लिहिलंय की माझी लेक, म्हणजे तुझी आत्या महादेवी, भूकंपात गेली. तिला मी माझ्या डोळ्यांनी ओळखलं आणि मातीत ठेवलं. हे म्हणे मी शपथेवर सांगते. साडेसहा वर्षांनी हे कुणाला पाहिजे? आणि त्यात थंड बाटलीच्या कंपनीचं नाव कशाला? भूकंप काय त्यांनी केला?

मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. सही येते, पण कशावर करते ते कळल्याबगर करत न्हाई. तुझा बाप चाकूरला मास्तर झाला तरी त्याला हे शिकता आलं न्हाई. नीट लिही. माया हाय, ती घडोघडी कागदावर मागू नये.

शिवगंगा


नांदेड
९ एप्रिल २०००

तीर्थरूप आज्जीस वर्षाराणीचे शरणार्थ.

चुकले. आधी लिहायला हवं होतं, पण कसं लिहावं तेच कळेना.

मागच्या महिन्यात मी ज्यांच्या हाताखाली काम शिकते त्या वकीलबाई सरोजिनीताई तारखेसाठी लातूरला गेल्या, मी त्यांच्यासोबत होते. क्लासेसच्या गल्लीत एका थंड पेयांच्या दुकानावर 'हिमपरी ऑरेंज'चा भला मोठा पत्र्याचा बोर्ड आहे. त्यावर बाटली घेऊन महादेवी आत्या हसते आहे. आज्जी, मी तेरा वर्षांची होते तेव्हा ती गेली. मी तिला विसरणार नाही. खालच्या ओठाजवळचा तीळसुद्धा तिथे आहे.

दुकानदाराने सांगितलं की त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात कंपनीने योजना काढली होती. पाच झाकणं आणि आपला फोटो पाठवायचा, निवड झाली की आपलं चित्र बोर्डावर. आत्याने कुणाला न सांगता पाठवला असणार. कंपनीचं म्हणणं असं की आपल्या भागात नटीच्या फोटोने माल खपत नाही, ओळखीच्या वाटणाऱ्या तोंडाने खपतो. खेड्यातून क्लासला आलेली मुलं घरच्या आठवणीने कासावीस असतात. त्यांना ती मावशी वाटते. परीक्षेआधी मुलं बाटली विकत घेऊन तिच्याखाली उभी राहतात. काही तिला नमस्कार करतात.

मेलेल्या माणसाचं तोंड घरच्यांना न विचारता विकायचं, हे मला सहन होत नाही. सरोजिनीताई कंपनीला नोटीस देणार आहेत. त्यासाठी आत्या गेल्याचा पुरावा हवा, आणि तिला ओळखणारी साक्षीदार तू एकटी.

आम्हाला एक मोठा खटला शिकवतात. स्कॉटलंडमधल्या एका बाईला मैत्रिणीने काळ्या बाटलीतलं पेय पाजलं, त्यातून मेलेली गोगलगाय निघाली असं ती म्हणाली. बाटली तिने विकत घेतलेली नव्हती, तरी कोर्ट म्हणालं, पिणाऱ्या माणसाची काळजी घेणं हे बनवणाऱ्याचं काम. साऱ्या जगाचा कायदा त्याने बदलला. गंमत म्हणजे गोगलगाय खरंच होती का, हे शेवटपर्यंत कोणी तपासलंच नाही. आपलाही खटला असाच गाजेल.

सही करून पाठव. तुझा राग असू दे, पण त्याच्या खाली लोभही असू दे.

वर्षाराणी


नवीन किल्लारी
१५ एप्रिल २०००

गोगलगाय न बघता निकाल? आणि असल्यांना तुम्ही शहाणे म्हणता.

चि. वर्षाराणीस आशीर्वाद. पत्र मी तीनदा वाचलं. भुजंगाला वाचू दिलं न्हाई, म्हणून तो रुसलाय.

तीळ होता, खरं हाय. पण तीळ तर लई जणींना असतात. मला दोन गोष्टी सांग. बोर्डावरची बाई किती वयाची दिसते? महादेवी एकोणीसची होती. आणि तिच्या गळ्यात काय हाय? जवळ जाऊन बघ. दुकानदाराला इचारू नको, तो माल विकणारा माणूस. रंगवणाऱ्याला इचार.

सही सध्या ऱ्हाऊ दे. शाई वाळली हाय म्हणून सांग तुझ्या वकीलबाईला. जेवत जा, मागच्या दिवाळीला तुझी मान कोंबडीगत दिसत होती.

शिवगंगा


नांदेड
२४ एप्रिल २०००

तीर्थरूप आज्जीस शरणार्थ.

तू असं का विचारलंस? परवा जाऊन आले, तेव्हापासून माझं अभ्यासात लक्ष नाही.

पेंटरचं नाव व्यंकटी. वयस्कर आहे, कमी बोलतो. चौऱ्याण्णवपासून दर पाडव्याला तोच बोर्ड पुन्हा रंगवतो. आत्याचा मूळ फोटो त्याने कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे. फोटोत ती एकोणीसची. बोर्डावर मात्र सव्वीसची दिसते, आज्जी. डोळ्यांखाली सावली आहे, भांगाशी दोन केस पांढरे आहेत. मी म्हटलं की हे तुम्ही मनाने घातलंत. त्याने कपाटावर हात ठेवून सांगितलं की फोटोकडे बघूनच काढतो, हात आपोआप तसा जातो. दोनदा पुसून परत काढलं. परत तसंच आलं.

गळ्याचं ऐक. फोटोत तिच्या गळ्यात शिवदाऱ्यात ओवलेली लिंगाची चांदीची डबी आहे. व्यंकटी दरवर्षी ती रंगवतो. सगळा बोर्ड वर्षभर टिकतो, पण पाडव्याच्या पहिल्या उन्हात तेवढाच रंग सुटून खाली पडतो. पत्रा घासून बघितला, रंगाची कंपनी बदलून बघितली. आता त्याने नाद सोडलाय. बोर्डावर तिचा गळा उघडा आहे.

मी खाली उभी असताना एक मुलगा बाटली पीत होता. त्याने मला विचारलं की मावशीचं काही हरवलंय का, ती सारखी रस्त्याकडे का बघते.

व्यंकटीने फोटो मला दिला, तो सोबत पाठवते. वकीलबाई सहीसाठी घाई करत आहेत. तुझं कुशल कळव, आणि मला भीती वाटते ती घालव.

वर्षाराणी


नवीन किल्लारी
३० एप्रिल २०००

भीती घालवायला मी काय मांत्रिक हाय? त्यासाठी तुझ्या बापानं एवढी फी भरून कायदा शिकवला न्हाई.

चि. वर्षाराणीस आशीर्वाद. फोटो मिळाला. देवळीत पालथा ठेवलाय. आता लिहिते ते एकदाच लिहिते.

भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपती बुडवायचा होता. महादेवी पोरींसंगं नाचत निघाली आणि तिचा शिवदारा तुटला. डबी मातीत पडली. मी ती उचलून माझ्या पदराला बांधली. साऱ्या मिरवणुकीसमोर म्हटलं की, लिंग सांभाळता येत नसंल तर बिनलिंगाची माझ्या उंबऱ्यात पाय टाकू नको. ती तशीच पुढं गेली, उघड्या गळ्यानं. रात्री मी अंगणात बाज टाकून झोपले, म्हणून घर पडलं तरी वाचले. ती घरात आली होती का न्हाई, मला ठाव न्हाई.

दोन दिवस ढिगारा उपसला. ती सापडली न्हाई. पावसात सगळ्यांना एकाच सरणावर घालत होते. आपल्या लिंगायतांत तर मातीत बसवतात, लिंग डाव्या तळहातावर देऊन. माझ्या पदरात लिंग, आणि ज्याचं ते माणूस न्हाई. तिथं एक पोर होती, तिच्याएवढीच उंच. तोंड ओळखण्यासारखं उरलं नव्हतं. कुणी तिला मागायला आलं न्हाई. मी लिंग तिच्या हातावर ठेवलं आणि बोटं मिटली. डबीवर महादेवीचं नाव कोरलेलं. मठाच्या स्वामींनी वाचलं, तलाठ्यानं लिहून घेतलं. मला कुणी इचारलं न्हाई आणि मी बोलले न्हाई. गोगलगाय कुणीच बघितली न्हाई.

तर शपथ माझ्याच्यानं होत न्हाई. कागद चुलीत घातला. नोटीस पाठवायची न्हाई आणि बोर्ड उतरवायचा न्हाई. वकीलबाईला सांग, म्हातारी फिरली.

ती पोर कुणाची होती, तिच्या घरचे कुठल्या बोर्डाकडं बघत बसलेत, हे माझ्या डोक्यावर हाय. तुझ्या न्हाई.

सोबत महादेवीसाठी एक बारकी चिठ्ठी हाय, घडी उघडू नको. त्यात एवढंच लिहिलंय की नवं लिंग स्वामींकडून आणलंय, दोरा ओवलाय, पण त्याची वाट बघू नको, उघड्या गळ्यानं आलीस तरी उंबरा तुझाच हाय. व्यंकटीला सांग, ही चिठ्ठी बोर्डाच्या पत्र्यामागं खोचायची. वरून रंग द्यायचा न्हाई.

आणि माझ्या या पत्राला तू उत्तर लिहू नको. तुझ्या बापानं बी लिहू नये. जिला लिहिलंय तिनंच उत्तर द्यावं.

शिवगंगा