नळी कोण सांभाळणार

प्रिय भिंगरी,

फोनवर दोन वाक्यांत धाप लागते, म्हणून हा कागद लिहून त्याचा फोटो तुला धाडतोय. घशातल्या गाठीनं श्वासाची वाट चिंचोळी झालीय. उद्या सकाळी गळ्याला पुढून छोटं भोक पाडून तिथून श्वासासाठी नळी बसवणार आहेत. चाळीस वर्षं लोकांच्या घरी नळ्या बसवल्या, आता माझी पाळी.

डॉक्टरीणबाईंना मी पार भंडावून सोडलं. तुझ्याच वयाची पोर, पण चिडली नाही. तिनं नळी हातात दिली. आत आणखी एक नळी असते, ती काढून धुवायची आणि परत घालायची. मोरीच्या पाइपाला असं काही असतं तर माझे गुडघे वाचले असते. धोके विचारले, तर तिनं आडपडदा ठेवला नाही. रक्तस्राव होऊ शकतो, जंतू शिरू शकतात, हवा कातडीखाली जाऊ शकते. कफानं नळी तुंबते. पहिल्या काही दिवसांत, वाट पक्की व्हायच्या आत, ती निसटली तर जिवावरच बेतायचं. बहुतेकांचं सुरळीत होतं म्हणाली. मी म्हटलं, आम्ही तर वर्षाची गॅरंटी देतो. ती हसली आणि म्हणाली, गॅरंटी नाही काका, लक्ष देऊ. मुख्य कॉक बंद न करता पाइप कापायचा कसा, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही. श्वासावर नजर ठेवायला डोक्याशी वेगळा डॉक्टर उभा असतो म्हणे.

मग नर्सबाई फॉर्म घेऊन आल्या. घरी नळी कोण सांभाळणार, रोज साफ कोण करणार, त्याचं नाव लिहायचं; त्या माणसाला त्या इथंच सगळं शिकवणार. पुतण्याचं नाव लिहायला गेलो, पण हात चालेना. त्याला मी हत्यारांची पेटी दिली, आणि त्यानं एकही सांधा धड बसवला नाही. पेटी तू मागितली होतीस. चौदा वर्षांची असताना तू बसवलेला बेसिनचा नळ अजून थेंबभर गळत नाही. तरी हे बायकांचं काम नव्हे म्हणून मी तुला चारचौघांत झिडकारलं. तू घर सोडलंस ते त्यानंतर.

फॉर्मवर तुझं नाव लिहिलंय, न विचारता. पटत नसेल तर येऊन खोड, मी रागावणार नाही. पण आजच ये, संध्याकाळच्या आत. उद्यापासून काही दिवस आवाज नसेल, पुढंही किती परत येईल ते डॉक्टरीणबाई सांगू शकत नाहीत. माझं चुकलं, हे मला तुला तोंडानं सांगायचंय. तेवढ्यापुरता श्वास आहे.

तुझाच,
हट्टी बाबा