बोटांतून दोरा

९ मे
ईश्वरी या उन्हात एसटीनं पालमला, मावशीकडे. डोकं आहे का माझ्या बायकोला!

१२ मे
आजचं प्रेत सोनपेठकडचं. योगीराज, वय पस्तीस, रोजचा पिणारा. मरायच्या आधी बडबडत होता म्हणे, हवेत काहीतरी पकडत होता, बोटांच्या टोकांतून न दिसणारा दोरा ओढत होता. बाप आश्रुबा शवागाराच्या दारातच सुरू — "भानामती हाय साहेब! धुरपताबाईनं केली. तिला सोडत न्हाई आमी!" धुरपताबाई म्हणजे शेजारची म्हातारी. एकटी, म्हणून सोयीची!

अडाण्यांचा बाजार नुसता. पोटात अर्धवट कुटलेल्या बिया निघाल्या, मिरचीच्या वाटाव्यात अशा. धोतरा! तो दोरा ओढणं आम्ही कॉलेजात पाठ केलंय. जमादाराला म्हटलं, आधी म्हातारीच्या दारात पोलीस उभा कर. तोही म्हणे, भानामतीच असेल. बैल!

१३ मे
योगीराजची बायको राजेश्री फुटली. "दारू सुटंल म्हणून वरणात पूड टाकली हो. महाराजानं दिलती. जीव जाईल असं कुठं ठावं होतं!" महाराज पालमकडचा, आता पसार. नवऱ्याला कळू न देता घालायची, कळलं की गुण जातो — ही अट! आणि या बाया ती निष्ठेनं पाळतात. निदान म्हातारी सुटली.

संध्याकाळी माझे दोन पेग. कधी तीन. माझं वेगळं — दिवसभर मढी फाडणाऱ्याला लागतात. कालच परतलेली ईश्वरी दाराशी उभी. "कशानं गेला हो तो सोनपेठचा?" तुला सांगून काय उपयोग, म्हटलं. एम.ए. झालेली बाई, पण दर गुरुवारी उपास आणि अंगारे. पुन्हा विचारलं तिनं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ओरडलो, तेव्हा गेली आत.

१५ मे
ग्लास उचलला की ईश्वरी टक लावून बघते. आज चक्क हसली. बायकांचं काही खरं नाही.

१६ मे
वरण कडसर होतं. जेवल्यापासून घशाला कोरड, तांब्याभर पाणी प्यालो तरी. अक्षरं पुसट दिसतायत.

पालमला मावशीकडे नव्हतीच गेली ती!

"अहो, बोटांतून काय ओढायलाव?" ईश्वरी रडायलीय.

तिला सांगतोय — धोतरा! गाडी बोलव! जीभच वळत नाही.